आमेनच्या आधी

मला उंचीची भीती वाटते. हे आधीच सांगून टाकते, कारण उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुणारी बाई म्हणजे तिचं काळीज लोखंडाचंच असणार, असं लोकांना वाटतं. तसलं काही नाही. रोज सकाळी गच्चीच्या कठड्यावरून झुल्यात पाय टाकताना माझे तळहात घामाने चिकट होतात आणि डोक्यात एकच विचार येतो, की आपण वेळेवर शिवणकाम का नाही शिकलो? माझा नवरा शाळेची बस चालवतो. त्याची चाकं जमिनीवर, त्याचा जीव जमिनीवर. संध्याकाळी मी घरात शिरले की तो विचारतो, "आलीस का खाली?" आणि स्वतःच हसतो. मला त्यात आजवर विनोद सापडलेला नाही.

गरज होती तेव्हा हेच काम मिळालं आणि नंतर सोडायची लाज वाटली, एवढीच माझी कहाणी. आमची टोळी लहान. एक मुकादम, जो गच्चीवर उभा राहून सगळ्यांवर ओरडतो. दोन सख्ख्या बहिणी, थोरली आणि धाकटी, ज्या एका झुल्यात बसून दिवसभर भांडतात आणि दुसऱ्या कोणाबरोबर जायला तयार होत नाहीत. मग मी आणि माझा जोडीदार वकील.

वकील हा काही वकील नव्हता. तो जगातल्या प्रत्येक गोष्टीशी हुज्जत घालायचा म्हणून त्याला ते नाव पडलं होतं. लिफ्ट उशिरा आली तर तो लिफ्टशी वाद घालायचा. वयाने माझ्याहून बराच मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचे आणि तो मला ताई. देवावर त्याचा विश्वास नव्हता, मुकादमावर नव्हता, झुला बनवणाऱ्या कारखान्यावर तर मुळीच नव्हता.

आता झुला म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. लांबट लोखंडी पाळणाच तो. दोन टोकांना दोन मोटरी, दोन जाड तारा, त्या वर गच्चीवरच्या दांड्यांना बांधलेल्या. झुला तुटला तरी माणूस राहावा म्हणून प्रत्येकासाठी एक वेगळा दोर गच्चीवरून खाली सोडलेला असतो. आपल्या पाठीवरच्या पट्ट्याला एक आखूड पट्टी असते आणि तिच्या टोकाला लोखंडी पकड. ही पकड त्या दोराला वेढून बंद करायची आणि वरचा चाप फिरवायचा. आपण सावकाश खाली गेलो की ती दोरावरून सोबत सरकते. झटका बसला की दोराला चावते आणि सोडत नाही. काम नसेल तेव्हा पायात येऊ नये म्हणून तीच पकड कमरेच्या कडीत अडकवून ठेवायची. आमचा जीव टांगणीला असतो म्हणतात तो असा, अगदी अक्षरशः.

कामाला लागले त्या पहिल्या दिवशी मी गच्चीच्या कोपऱ्यात तोंड फिरवून प्रार्थना केली. मला कोणाला काही दाखवायचं नव्हतं. मी घाबरले होते, आणि घाबरलं की प्रभूशी बोलायचं हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. थोरलीने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ए, आमच्यासाठीपण म्हण ना. जरा मोठ्याने म्हण, म्हणजे आम्हालाही कळेल." झालं. तेव्हापासून रोज पकडी दोराला लावल्या की झुल्यात उतरण्याआधी सगळे गोळा व्हायचे, डोळे मिटायचे, मी चार वाक्यं बोलायचे आणि आमेन म्हटलं की कठडा ओलांडायचा.

सगळे म्हणजे वकील सोडून. "तुझा देव चाप फिरवायला येतो का गं, ताई?" असं विचारून तो आमच्या पाठीमागून फिरायचा. आम्ही डोळे मिटून उभे, आणि हा एकेकाची पकड धरून जोरात हिसका द्यायचा. हिसका दिला की म्हणायचा, "बसली." मग पुढच्याला हिसका. "बसली." माझ्या चार वाक्यांच्या मध्ये त्याचं हे "बसली, बसली" चालू. एकदा तर मी प्रभूकडे शांती मागत होते आणि त्या क्षणी असा हिसका बसला की मी मागच्या मागे कोलमडले. मी चिडून म्हटलं, "दादा, जरा वेळ गप्प उभं राहता येत नाही का तुम्हाला?"

"तू तुझं काम कर, मी माझं करतो," तो म्हणाला. "आणि माझी पकड मीच ओढतो. तुमच्यापैकी कोणावर माझा भरवसा नाही."

नियमाप्रमाणे प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची पकड तपासायची असते. पण हा सगळ्यांच्याच तपासतो म्हटल्यावर बाकीच्यांनी ती सवय कधीच सोडून दिली होती. मीसुद्धा.

माझ्या सासूबाई रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतात. त्यांचं एक म्हणणं आहे. आपण ख्रिस्ती आहोत हे गळ्यातल्या क्रुसावरून कळून उपयोग नाही, शेजारच्या माणसाला आपल्यामुळे बरं वाटतं का त्यावरून कळलं पाहिजे. लग्न होऊन आले तेव्हा मला हे बोलणं फार जड वाटायचं. पण कामावर गेल्यावर त्याचा अर्थ कळायला लागला. माझ्या बादलीने एक काच तडकली तेव्हा मी स्वतः जाऊन मुकादमाला सांगितलं. बहिणींची भांडणं इकडून तिकडे नेली नाहीत. वकिलाची बायको दवाखान्यात होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी तिच्याजवळ जाऊन बसले, म्हणजे त्याला घरी जाऊन अंघोळ करता येईल. तिथे मी देवाचं नावही काढलं नाही. तिच्या पायांना तेल लावलं आणि तिच्या तोंडून नवऱ्याच्या तक्रारी ऐकल्या. त्या ऐकायला मला, खरं सांगायचं तर, मजाही आली.

ती बरी होऊन घरी आली. त्यानंतर एका सकाळी मी प्रार्थनेला सुरुवात केली आणि पाठीला हिसका बसला नाही. मी पापण्या किंचित उघडून पाहिलं. वकील आमच्या ओळीत उभा होता. हेल्मेट काढून पायाशी ठेवलेलं, हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले, लहान मूल मिटतं तसे. आमेन म्हणताना डोळ्यांत पाणी आलं.

घरी गेल्यावर मी दारातूनच सासूबाईंना सांगितलं. त्यांनी हातातलं काम टाकून मला जवळ घेतलं. आठवडाभर तो रोज ओळीत उभा राहिला, आणि मग एके दिवशी म्हणाला की रविवारी बायकोला घेऊन चर्चमध्ये येतो. मी पाळकांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं, ज्यांचा काही संबंध नाही अशा दोघांनाही सांगितलं. मी हवेत होते. रोजचे हिसके थांबले याची कोणालाच रुखरुख लागली नाही. उलट मला वाटलं, आता प्रार्थना किती शांत झाली.

त्या दिवशी हवा चांगली होती. प्रार्थना झाली, आमेन झालं, आम्ही झुल्यात उतरलो. मी डाव्या टोकाला, वकील उजव्या. एकेक मजला धूत खाली निघालो. विसाव्या मजल्याच्या आसपास असू. वकील वाकून काचेचा खालचा कोपरा घासत होता आणि काच साफ करताना त्याची जीभही चालू होती.

"ताई, तिथे बसायचं कुठे? मागे बसलं तर चालतं का?"

"कुठेही बसा."

"आणि मला गाणी येत नाहीत. नुसतं तोंड हलवलं तर तुझ्या देवाला कळेल का?"

मी हसत त्याच्याकडे वळले. त्याच्या पलीकडे त्याचा दोर वाऱ्याने हलत होता. पांढरा, सरळ, वरपासून खालपर्यंत नुसता दोर. मी त्याच्याकडे बघत राहिले. काहीतरी चुकतंय हे डोळ्यांना कळलं होतं, डोक्याला कळायला वेळ लागला. त्या दोरावर काहीच नव्हतं.

मग माझी नजर त्याच्या कमरेवर गेली. पकड तिथे होती, कमरेच्या कडीत नीट अडकवलेली.

मला सगळं एकदम दिसलं. आमच्या मागून फिरायचं म्हणून तो स्वतःची पकड नेहमी सगळ्यांत शेवटी लावायचा. त्या दिवशीही त्याने ती कडीतच ठेवली, प्रार्थना झाली की लावू म्हणून, आणि हात जोडले. डोळे मिटले. मी आमेन म्हटलं, सगळे हलले, तोही हलला. कोणी ओढून पाहिलं नाही, कारण ओढून पाहणारा तोच होता.

ओरडू? ओरडले आणि तो दचकून वळला तर? तो कठड्यावरून जवळजवळ कमरेपर्यंत बाहेर झुकलेला होता. हळू आवाजात बोलू? काय बोलू? मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझ्या पायाखालच्या मोटरीने एक गुरगुर केली, खोकल्यासारखा आवाज केला आणि ती बंद पडली.

त्याची मोटर चालूच होती. त्याचं टोक खाली जात राहिलं, माझं तिथेच. झुला तिरका झाला, अजून तिरका झाला, आणि मग फार कलल्यावर आपोआप लागणारी झुल्याची कळ खट्कन लागून तो थांबला. दोन्ही बादल्या घरंगळत गेल्या, त्यातली एक कठड्यावरून उडून खाली गेली. ती आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. साबणाचं पाणी झुल्याच्या तळावरून वाहत वकिलाच्या पायाखाली साचलं. तो टोकाच्या दांड्यावर छातीने आदळला होता आणि दोन्ही हातांनी त्याला धरून होता. पाय घसरत होते. तो पुन्हा रोवायचा, पुन्हा घसरायचे.

माझी पट्टी ताणली गेली होती. माझी पकड दोराला चावून बसली होती. मी लटकले असते तरी राहिले असते.

"घाबरू नकोस, ताई!" तो ओरडला. आवाज चिरकला होता, पण ऐट तीच. "मुकादम काय सांगतो? तोल गेला की धडपड करायची नाही. हात सोडायचे आणि पट्ट्यात बसायचं. मी बसतो. तूपण बस."

त्याने डावा हात सोडला.

"सोडू नकोस!"

मी त्याला आयुष्यात कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तो थबकला. हात हवेतच.

"अगं, नियम आहे..."

"धर! धर आधी! धर म्हणते ना!"

"तू घाबरली आहेस म्हणून..."

"तुझी पकड लागलेली नाही!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घालून कमरेकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला, आणि तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याने सोडलेला हात परत दांड्यावर मारला आणि इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

"दादा," मी म्हटलं. "एका हाताने पकड काढा. दोर तुमच्या उजवीकडेच आहे. काढा आणि लावा."

"हो."

तो हलला नाही.

"दादा."

"उघडत नाहीत," तो म्हणाला.

"काय उघडत नाही?"

"बोटं. ताई, माझी बोटं उघडत नाहीत."

त्याचा पाय पुन्हा घसरला. या वेळी दोन्ही पाय गेले आणि तो गुडघ्यांवर आला. झुला हिंदकळला. वॉकीटॉकीवर मुकादम काहीतरी विचारत होता. ती माझ्या छातीवर होती, पण मला तिच्याकडे हात नेता येईना. माझ्या बाजूच्या मोटरीला हाताने दाबायचा दांडा असतो. वीज गेली तरी तो दाबून आपलं टोक खाली आणता येतं, हे मला ठाऊक होतं. पण दांडा दाबला की झुला धक्के खातो. एकेक धक्का आणि हा माणूस मोकळा.

मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. अगदी मनापासून केला. काही आलं नाही. लहानपणापासून पाठ असलेलं एकही स्तोत्र आठवेना. रोज गच्चीवर सुचणारी चार वाक्यं कुठे गेली कोण जाणे. तोंडातून नुसतं "आई गं, आई गं" निघत होतं. प्रभूला हाक मारायची तर त्याचं नावही ओठांवर येईना, इतकी बोबडी वळली होती. सहा महिने ज्या लोकांनी माझ्या प्रार्थनेवर डोळे मिटले, त्यांनी मला तेव्हा पाहिलं असतं तर काय वाटलं असतं त्यांना, असा वेडा विचार मात्र आला.

माझी पट्टी त्याच्यापर्यंत पुरत नव्हती. निम्म्या झुल्यापर्यंतही पुरली नसती. हे मला आधीच दिसलं होतं, पण मी ते स्वतःला कळू दिलं नव्हतं. त्याच्यापर्यंत जायचं तर माझी पकड काढावी लागणार होती.

मला जायचं नव्हतं. हे अगदी स्पष्ट लिहून ठेवते. नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मनात आलं, मुकादमाला सांगू, तो वरून कोणालातरी दोराने सोडेल, थोडा वेळ तर लागेल, तोवर हा धरून राहील. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. ते थरथरत होते. तो राहणार नव्हता.

मी चाप फिरवला आणि पकड उघडली. आवाज अगदी बारीक झाला. तो ऐकून क्षणभर मी ती परत लावणारच होते. मग पकड कमरेत अडकवली आणि झुल्याच्या तळावर बसले. उभं राहायचं धाडस नव्हतं. काचेकडच्या बाजूला पाठ टेकवून, टाचा रोवत, बसून बसून खाली सरकायला लागले. साबणाने तळ गुळगुळीत झाला होता. मध्येच मी हातभर घसरले आणि किंचाळले. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. आवाराच्या पलीकडे रस्ता होता, त्यावर माणसं होती, त्यांतलं एकही वर बघत नव्हतं.

"येऊ नकोस," वकील म्हणाला. "तुझी पण गेली तर..."

"आता तरी वाद घालू नका."

त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा माझे पाय त्याच्या शेजारी दांड्याला टेकले. मी त्याच्या कमरेत हात घातला. चाप साबणाने बुळबुळीत. पकड पहिल्यांदा कडीतून निघेचना. निघाली ती एकदम, आणि हातातून सुटली. पट्टीला बांधलेली होती म्हणून राहिली. दोर वाऱ्याने आत यायचा, हाताला लागणार इतक्यात बाहेर जायचा. मला दांड्यावर पोट टेकवून बाहेर झुकावं लागलं. मोकळी, काहीही न लावलेली मी, विसाव्या मजल्यावर, एका दोराच्या मागे हात लांबवत होते. मी रडत होते. मोठ्याने रडत होते.

दोर हातात आला. पकड वेढली, बंद केली, चाप फिरवला.

"बसली का?" वकिलाने विचारलं. त्याचे डोळे मिटलेले होते.

मी दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. मग अजून एक दिला. "बसली."

मग माझी पकड त्याच्याच दोराला, त्याच्या पकडीच्या वर लावली. एका दोरावर दोघांनी राहायचं नसतं. ते माहीत होतं. राहिलो. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि आम्ही दोघं तसेच बसलो, माकडाची पिल्लं बसतात तसे. मग कुठे मला वॉकीटॉकीचं बटण दाबता आलं.

मुकादमाने ऐकून घेतलं. तो ओरडला नाही, त्यामुळे मला आणखीच भीती वाटली. शांतपणे म्हणाला, "पोरी, दांडा तुझ्या टोकाला आहे. तुलाच परत वर सरकावं लागेल. जमेल?"

नाही जमणार, असं मी म्हटलं. आणि गेले. पकड दुसऱ्यांदा काढताना पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली, कारण आता माझ्या मागे ढकलणारं कोणी नव्हतं. त्याचा जीव वाचला होता. आता नुसता माझाच प्रश्न होता. कशी वर पोचले ते नीट सांगता येत नाही. माझ्या दोराला पकड लावली, तिलाही हिसके दिले, आणि दांडा दाबला. झुला धक्के खात सरळ झाला. पुढे त्याने मोटरने त्याचं टोक आणि मी दांड्याने माझं, असं एकेक मजला उतरवत आम्ही जमिनीवर आलो. वकील गप्प बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

इमारतीच्या मागच्या बाजूला, कचऱ्याचे डबे ठेवतात तिथे आम्ही उतरलो. मी तिथेच फरशीवर बसले. मुकादम आणि झुला वर घेऊन गच्चीवर आलेल्या दोघी बहिणी लिफ्टने उतरून धावत आल्या. धाकटीने मला मिठी मारली. थोरलीने वकिलाला एक धपाटा मारला आणि मग तीही रडायला लागली.

"हिच्या प्रार्थनेनेच वाचलात," थोरली म्हणाली. "दुसरं काही नाही. सकाळी ती बोलली होती ना, सांभाळ म्हणून? सांभाळलं बघा त्याने."

"खरं आहे," मुकादम म्हणाला. त्याने टोपी काढली. हा माणूस सहा महिने प्रार्थनेत उभा राहायचा, पण मधूनमधून घड्याळ बघायचा. आज त्याने घड्याळाकडे पाहिलंही नाही. "पोरी, आभार मान. आत्ता, इथेच. आम्ही सगळे मानतो."

त्यांनी हात जोडले. डोळे मिटले. थोरलीने, धाकटीने, मुकादमाने. वकिलानेही. त्याचा पट्टा अजून अंगावर होता, पकड पुन्हा कमरेच्या कडीत होती, आणि डोळे त्याच लहान मुलासारखे घट्ट मिटलेले.

मी या क्षणासाठी सहा महिने झुरले होते. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी रात्रभर देवाचे आभार मानले असते. चार माणसं, एकाच वेळी, मनापासून. आणि ते दृश्य बघून माझ्या काळजात धस्स झालं. वर झुल्यात झालं होतं तसंच. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि ते माझ्यावर भरवसा टाकून उभे.

"डोळे उघडा," मी म्हटलं.

कोणी हललं नाही. त्यांना वाटलं, ही प्रार्थनेची सुरुवात आहे.

"डोळे उघडा सगळ्यांनी! उघडा म्हणते ना!"

ते दचकून माझ्याकडे बघायला लागले. मी बसल्या बसल्याच सांगितलं. पकड का लागली नव्हती ते सांगितलं. वकील रोज आमच्या पाठीमागून फिरायचा ते का थांबलं, ते सांगितलं. तो ओळीत आला म्हणून मला इतका आनंद झाला की त्याची जागा रिकामी झाली हे मला दिसलंच नाही, हेही सांगितलं. "प्रार्थनेने वाचलो असं म्हणू नका," मी म्हटलं. "आज प्रार्थना चालू असतानाच आपण याला मारत होतो."

थोरलीच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला हे आवडलं नाही. मुकादमाने टोपी परत घातली. मला वाटलं, गेलं सगळं. उद्यापासून गच्चीवर कोणी उभं राहणार नाही, आणि वकील तर माझं तोंडही बघणार नाही.

वकील फरशीकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे मी परत बाहेर? तुम्ही सगळे आत आणि मी मागून हिसके देत फिरायचं?"

"हो."

"मी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले होते गं, ताई."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला रडू कोसळलं. "तुम्ही तेव्हाही प्रार्थनेतच होतात, दादा," मी म्हटलं. "रोज, आमच्यापेक्षा जास्त. मलाच कळलं नाही."

धाकटीने नाक पुसलं. इमारतीच्या मागच्या दारातून कोणीतरी डोकावलं, आमच्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

वकिलाने त्याच्या बोटांची उघडझाप करून पाहिली. ती आता उघडत होती. त्याने कमरेची पकड हातात घेतली, चाप एकदा फिरवला, परत फिरवला. हुज्जत घालण्याआधी तो जसं मान तिरकी करून बघायचा तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

"आणि माझी?" त्याने विचारलं. "सगळ्यांच्या मी ओढतो. माझी कोण ओढणार?"

"मी," मी म्हटलं.

माझे हात थरथरत होते. ते त्याला दिसत होते, आणि मी ते लपवले नाहीत.